उजव्या बाजूचा स्टँड

गाडी दुरुस्तीला लावून गिऱ्हाईक बाकड्यावर बसलं की पहिली पाच मिनिटं ते इंजिनाबद्दल बोलतं. आवाज येतो, पिकअप नाही, ऍव्हरेज पडलं. सहाव्या मिनिटाला खरं दुखणं बाहेर येतं आणि बहुतेक वेळा ते इंजिनाचं नसतं.

"फिटर, बाकी गाडी लई ग्वाड हाय. पण कंपनीनं एक गोष्ट द्यायला पायजे व्हती राव."

घोडेगावात माझं गॅरेज सुरू होऊन सव्वीस वर्षं झाली. काम शिकलो जुन्नरला. एवढ्या वर्षांत ही 'एक गोष्ट' मी इतक्या तोंडांनी ऐकली आहे की गाड्या बनवणाऱ्या साहेबांनी आठवडाभर माझ्या बाकड्यावर येऊन बसावं असं मला मनापासून वाटतं. त्यांना कोणी वेगाबद्दल विचारणार नाही. आहुप्याच्या शाळेवरचे एक गुरुजी म्हणायचे, "धुक्यात मला पुढचं दिसो न दिसो, मागच्याला मी दिसलो पाहिजे." त्यांना मागे दोन मोठे पिवळे दिवे बसवून दिले. टोमॅटोचे क्रेट वाहणाऱ्या एका जाडजूड बागायतदाराला रिव्हर्स गिअर हवा होता, तो काही मला देता आला नाही. आणि तळेघरकडच्या एका पाव्हण्याला मागच्या सीटवर माणूस आहे की नाही हे सांगणारा दिवा हवा होता. चढावर गाडी ओढेना म्हणून सासूबाई उतरून चालू लागल्या. हा माथ्यावर पोचला आणि सवयीने तसाच पुढे निघून गेला, थेट घरी. "दिवा बसवा फिटर, न्हायतर आमची बायकू मलाच उतरवंल," तो म्हणाला. तो हसत नव्हता, म्हणून मीही हसलो नाही. तो गेल्यावर हसलो.

पण सगळ्यात जास्त तक्रारी स्टँडच्या. ज्यांना गाडीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाडीला दोन स्टँड असतात. मधला स्टँड गाडीला दोन पायांवर उचलून सरळ उभी करतो, पण त्यासाठी पायाने दाबून हाताने गाडी मागे ओढावी लागते. ओझं असेल तर ते सगळ्यांना जमत नाही. दुसरा साइड स्टँड. तो डाव्या बाजूला असतो आणि गाडी त्याच्यावर रेलून उभी राहते. सगळा खेळ या रेलण्याचा आहे. गाडी दहा-अकरा अंश झुकली पाहिजे. स्टँड आखूड झाला तर ती जास्त झुकते आणि उचलताना कमरेत भरते. लांब झाला तर ती जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने किंवा नुसत्या धक्क्याने विरुद्ध बाजूला पडते. एक सेंटिमीटर इकडे-तिकडे झालं तरी फरक कळतो. आमच्याकडे पावसाळ्यात स्टँड चिखलात रुततो, म्हणून वरच्या गावातली माणसं डिकीत एक चपटा दगड घेऊन फिरतात. मी स्टँडच्या टोकाला तळहाताएवढी पट्टी जोडून देतो. दगडाचा विरह सहन न झालेली काही माणसं पट्टी लावल्यावरही दगड बाळगतात.

फ्रेमला वेल्डिंग लावायचं नाही, हा माझा नियम. फ्रेम म्हणजे गाडीचा कणा. जे काही जोडायचं ते पट्टा आवळून, नटबोल्टने. उद्या काढलं तर गाडी जशीच्या तशी राहिली पाहिजे. माझे शेजारी रशीदभाई या नियमाला वैतागतात. त्यांचं वेल्डिंगचं दुकान माझ्या दुकानाला लागून आहे. घराणं जुन्नरचं, तीन पिढ्या लोखंडात. "दोन टाके मारले की काम खलास. तुमचे नटबोल्ट आवळता आवळता माझी दाढी पांढरी झाली," असं ते म्हणतात, आणि मग माझ्या पद्धतीनेच करून देतात.

तर शेवंताबाई.

एका रविवारी सकाळी एक मोपेड दुकानासमोर आली. चालवणारी बाई पन्नाशी ओलांडलेली, काठापदराचं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू नाही, गोंदण. मागे तिशीतला मुलगा. गाडी थांबली, पण बाई उतरेनात. मुलगा आधी उतरला, त्याने हँडल धरलं आणि मग त्या उजव्या बाजूने उतरल्या. डावा पाय सरळ काठीसारखा ओढत.

"बघा. हे असं," मुलगा म्हणाला. "मी हाय म्हणून उतरली. म्या नसताना कोण धरणार?"

"तू गप. फिटरशी मला बोलू दे," बाई म्हणाल्या.

दोन वर्षांपूर्वी भाताच्या आवणीत, म्हणजे लावणीत, खाचराच्या बांधावरून त्या पडल्या होत्या. गुडघ्याची वाटी फुटली. हाड जुळलं, पण गुडघा वाकायचा थांबला. मोपेडला गिअर नसतो, त्यामुळे चालवायला अडचण नव्हती. अडचण थांबायला होती. साइड स्टँड डाव्या बाजूला, आणि तो काढायचा डाव्या पायाने. मधला स्टँड लावायला डाव्या बाजूला उतरावं लागतं. दोन्ही त्यांना जमत नव्हतं.

आणि थांबल्याशिवाय त्यांचा धंदा नव्हता. शिनोलीच्या वर डोंगराच्या पोटात त्यांची वस्ती आहे. रोज सकाळी त्या रिकाम्या किटल्या घेऊन वरच्या टोकाला जायच्या, मग खाली उतरताना सात घरी थांबून दूध गोळा करायच्या आणि शिनोलीच्या डेअरीत घालायच्या. गाडीच्या दोन बाजूंना वीस-वीस लिटरच्या दोन किटल्या. सात घरांतल्या म्हशींचं दूध त्यांच्याशिवाय खाली जायला दुसरी सोय नव्हती. प्रत्येक घरी त्या हॉर्न वाजवायच्या, कोणीतरी येऊन गाडी धरायचं, मग त्या दूध मापायला उतरायच्या. कोणी यायला उशीर केला की एका पायावर गाडी पेलून बसून राहायच्या. अशात दोनदा गाडी पडली होती. दुसऱ्यांदा त्या गाडीखाली होत्या.

मुलगा संतोष, चाकणला कंपनीत. आठवड्यातून एक दिवस घरी यायचा.

"मी म्हणतो गाडी इकू आन् चाकणला चला. सून हाय, नातू हाय. काय कमी हाय तिथं?"

"तिथं म्हशी न्हाईत," शेवंताबाई म्हणाल्या. "आन् दिवसभर त्या खोलीत म्या काय करू, तुझ्या टीव्हीशी भांडू? फिटर, मला फक्त उतरायला जागा करून दे बाबा. कंपनीनं स्टँड डावीकडं दिला. तो उजवीकडं पायजे. एवढीच माजी मागणी."

संतोष माझ्याकडे वळला. "करा काय ते. पण फिटर, तुमच्यासमोर सांगतो. आता ही गाडी परत पडली, की किल्ली माझ्याकडं. तिनं कबूल केलंय."

"केलंय," बाई म्हणाल्या. "पडली तर."

आयुष्यात मी उजवा स्टँड केला नव्हता. त्या दिवशी रशीदभाई आणि मी दुपारचं जेवण विसरलो. फ्रेमच्या खालच्या नळीला दोन भागांचा पट्टा, त्याच्यावर बिजागरी, तिच्यावर स्टँड. रस्त्याने जाताना चुकून उघडा राहिला तर उजव्या वळणाला जमिनीत अडकून घात करेल, म्हणून स्प्रिंगा दोन लावल्या आणि स्टँडला लाल रंग दिला. लांबीबद्दल तर मी फारच काळजी घेतली. ओझ्याने गाडी खाली बसते आणि रिकाम्या गाडीला नेमका असलेला स्टँड भरलेल्या गाडीला लांब होतो, हे मला माहीत होतं. म्हणून दोन्ही किटल्या पाण्याने काठोकाठ भरल्या. गाडी अठ्ठावीस मिलिमीटर खाली बसली. त्या हिशोबाने स्टँड कापला. दुकानातल्या फरशीवर वीस वेळा उभी करून पाहिली, दहा वेळा रिकामी, दहा वेळा भरलेली. एकदाही डगमगली नाही.

"काय हो फिटर, पेपर तपासताय का गाडी?" रशीदभाई म्हणाले.

शेवंताबाई स्वतः उतरल्या, उजव्या पायाने स्टँड काढला, गाडी रेलवली आणि दोन पावलं मागे जाऊन तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उभी हाय की गं बया." त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं, "तिला पोळ्या करून घालू का तुमच्या गाडीला?"

पाचव्या दिवशी संतोषचा फोन आला. गाडी पडली होती. पाचव्या घरी, डावीकडच्या चरात. चौदा-पंधरा लिटर दूध गेलं. आईला लागलं नव्हतं, कारण ती उतरलेली होती. "तुमचा स्टँड मोडला न्हाई फिटर, तसाच हाय. पण गाडी पडली. म्या सुट्टी टाकून आलोय. किल्ली घेतली."

त्याने एकही वाकडा शब्द वापरला नाही. वापरला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद ठेवून मी वर गेलो. बरोबर मोजपट्टी, वही आणि रशीदभाईंकडून मागून घेतलेली गवंड्याची लेव्हल, म्हणजे बुडबुड्याची पट्टी. पाचव्या घरासमोर रस्त्याच्या कडेला ती आडवी ठेवली आणि बुडबुडा पळत एका टोकाला गेला.

रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो. पाणी जावं म्हणून. आपण डाव्या कडेला थांबतो, म्हणजे गाडीखालची जमीन डावीकडे उतरती असते. डावा स्टँड उताराच्या बाजूला येतो, गाडी थोडी जास्त रेलते, पण पडत नाही. उजवा स्टँड मात्र उंच बाजूला येतो. जमीनच त्याला वर ढकलते. म्हणजे मी जेवढं रेलणं मोजून दिलं होतं, त्यातलं निम्मं रस्त्याने काढून घेतलं होतं. सव्वीस वर्षं मी गाड्या उभ्या केल्या त्या दुकानाच्या फरशीवर. ती फरशी मी हौसेने लेव्हल लावून घालून घेतली होती.

दुसरी चूक शेवंताबाईंनी दाखवली. त्या चराच्या कडेला दगडावर बसल्या होत्या.

"घरं समदी डावीकडं. माणूस दूध घेऊन येतं आन् जवळच्या किटलीत वततं. डावी आधी भरती, मग उजवी. तू दोनी सारख्या भरल्या व्हत्या का नाय?"

"हो," मी म्हणालो.

"मला इचारायचं व्हतं."

लोखंडाची मापं मी एवढी घेतली, पण त्यांची सकाळ कशी जाते हे विचारलं नाही.

संतोष बाजूला उभा होता. किल्ली त्याच्या खिशात. मी त्याला म्हणालो, पडली ती माझ्या चुकीने, त्यांच्या नाही. मला आठ दिवस द्या.

"आन् मग?"

"मग तुम्ही म्हणाल तशी परीक्षा घ्या."

त्याने विचार केला. "पुढल्या रविवारी. सातही घरांला. दूध भरत भरत, कुणी हात न लावता. सातातल्या एका ठिकाणी जरी गेली तरी विषय संपला."

"संपला," शेवंताबाई म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. एवढ्या सहज कबूल व्हायला नको होतं असं मला वाटलं.

त्या दिवशी मी पायी सातही घरं फिरलो. प्रत्येक घरासमोर, जिथे त्या थांबतात तिथे, लेव्हल ठेवून एका मीटरला रस्ता किती मिलिमीटर उतरतो ते लिहिलं. सात आकडे आले आणि सातांपैकी दोनही सारखे नव्हते. सर्वांत कमी अठरा, सर्वांत जास्त शंभराच्या वर. एका आकड्यासाठी स्टँड कापला तर दुसऱ्याला चुकणार. फार आखूड केला तर सपाटीला गाडी इतकी झुकणार की भरलेल्या किटल्यांसकट ती सरळ करायला शेवंताबाईंची ताकद पुरणार नाही. मी संतोषकडून किल्ली मागून गाडी खाली आणली, त्यांना दुकानात बोलावलं, दोन-दोन मिलिमीटर कापत गेलो आणि प्रत्येक वेळी त्यांच्याकडून गाडी उचलवून बघितली. चौदा मिलिमीटरला त्या म्हणाल्या, "बास. आता कंबर बोलाया लागली."

चौदा मिलिमीटरने तीन घरं सुटली. उरलेल्या चारांसाठी स्टँडचं काही चालणार नव्हतं, जागाच बदलायला हवी होती. मी दारोदार जाऊन सांगितलं, तुमच्या दारापुढे हातभर रुंद आणि माणसाच्या उंचीएवढी लांब जागा सपाट पाहिजे. चौथ्या घरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "गाडीला ओटा बांधायचा म्हणता?" मी हो म्हणालो. तो आत गेला आणि पहार घेऊन आला. तीन घरांनी तीन दिवसांत मुरूम भरून, ठोकून, वर फरशी अंथरून ओटे केले. दूध दोन्ही किटल्यांत निम्मं-निम्मं, पण उजवीत आधी ओतायचं, हेही सगळ्यांना सांगून झालं.

सातवं घर राहिलं. तिथे रस्त्याखाली कातळ आहे. पहार बसत नाही, भर टाकली तर पहिल्या पावसात वाहून जाते. घराच्या मालकाने दोनदा भर टाकली, दोनदा गेली. सातव्याचा आकडा तसाच राहिला, शंभराच्या वर.

रविवारी सकाळी शेवंताबाई पुढे मोपेडवर, मागे माझ्या गाडीवर मी आणि संतोष. पहिल्या घरी त्या थांबल्या, उतरल्या, स्टँड काढला. संतोष हाताची घडी घालून उभा. दूध आलं, उजवीकडून फिरून ओतलं गेलं. गाडी उभी. दुसरं घर. तिसरं. चौथ्या घरी म्हाताऱ्याला राहवेना, तो हँडलकडे हात नेऊ लागला, तसा संतोष ओरडला, "आबा, हात न्हाई लावायचा!"

"आरं पण सवय हाय."

"आज न्हाई."

पाचवं घर, जिथे ती पडली होती. दोन्ही किटल्या निम्म्या भरलेल्या. गाडी नव्या ओट्यावर रेलली आणि गप्प उभी राहिली. सहावं घरही गेलं. संतोषच्या तोंडावर आता काही दिसत नव्हतं, पण हाताची घडी सुटली होती.

सातव्या घराला शेवंताबाईंनी वेग कमी केला. मी हॉर्न वाजवून त्यांना थांबवलं आणि माझी गाडी पुढे घातली. मला माझा आकडा माहीत होता. उभी राहिली असती तर नशिबाने, आणि राहिली नसती तर तीस-पस्तीस लिटर दूध कातळावर.

"संतोष," मी म्हणालो, "इथे ही उभी राहणार नाही. करून बघायची गरज नाही. माझ्याकडून इथलं काम झालेलं नाही."

शेवंताबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलो नाही. "तुला कुणी इचारलं व्हतं का रं?" त्या हळूच म्हणाल्या.

संतोषने खाली बघितलं. त्यालाही आनंद झालेला नव्हता, हे मला नक्की सांगता येईल. "सात ठरली व्हती आई," तो म्हणाला.

सातव्या घरची पारू चरवी घेऊन दारात उभी होती. चोवीस-पंचवीसची, हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले. तिने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं.

"काय झालं? थांबत का न्हाई?"

मी सांगितलं. कातळ, उतार, आकडा.

"मग इथं थांबायचंच कशाला?" ती म्हणाली. "मावशीनं सहाव्या घराशी थांबावं. मी चरवी घिऊन चढून येते. हे काय, हाकेच्या अंतरावर हाय."

संतोषने मागे वळून सहाव्या घराकडे पाहिलं.

"आन् हे आधी का न्हाई सांगितलं?" संतोष म्हणाला.

"आधी कुणी इचारलंय? मावशी दारात यायची म्हणून आमी दारात थांबायचो." तिने तिथेच रस्त्यात येऊन, आजच्यापुरतं न मापता, गाडीवर बसलेल्या शेवंताबाईंच्या किटलीत दूध ओतलं. उजव्या.

मी संतोषकडे बघितलं. त्याने बोटावर मोजल्यासारखं केलं. "म्हंजी थांबायची ठिकाणं सहाच."

"सहाच," मी म्हणालो.

"सहाला उभी राहिली."

"राहिली."

शेवंताबाई कोणाच्या निकालासाठी थांबल्या नाहीत. गाडी चालूच होती. त्या म्हणाल्या, "डेअरी बंद व्हायची," आणि निघाल्या. किल्ली गाडीलाच होती. वळणावरून त्या दिसेनाशा होईपर्यंत आम्ही दोघे तिथे उभे होतो. लाल स्टँड नीट वर बसलेला आहे ना हे मी बघत होतो. संतोष काय बघत होता ते त्याला माहीत.

मग तो म्हणाला, "फिटर, त्या स्टँडला स्प्रिंगा दोन हायत ना? तसल्या बाजारात मिळत्यात का?"

"नाही. रशीदभाई वळून देतात. मी जादा दोन करून ठेवल्यात."

"दोनी एका जागी ठेवू नका," तो म्हणाला. "एक माझ्याकडं द्या."